वाटी सरकली: व्यायाम की ऑपरेशन?
कबड्डी खेळणाऱ्या पुतणीची गुडघ्याची वाटी सरकली, पुढे काय, असं मैत्रीण विचारतेय.

वाटी बहुतेकदा बाहेरच्या बाजूलाच निसटते. गुडघा 20-30 अंश वाकेपर्यंत तिला मुख्यतः आतल्या बाजूचं पातळ लिगामेंट (हाडांना जोडणारा पट्टा) धरतं. त्याहून जास्त वाकल्यावर मांडीच्या हाडातली खाच सांभाळते.

खर्चात व्यायाम कितीतरी स्वस्त. मेहनत मात्र ऑपरेशननेही टळत नाही, फिजिओ आहेच! टिकाऊपणाचं म्हणाल तर व्यायामाने मांडी बळकट होते, पण वाटी सरकताना फाटलेलं लिगामेंट सैलच राहू शकतं. ऑपरेशनमध्ये बहुधा हॅमस्ट्रिंगचा (मांडीच्या मागच्या स्नायूचा) स्नायूबंध, म्हणजे टेंडन, घेऊन नवं लिगामेंट बसवतात. खाचच उथळ असेल तर तेवढ्यावर भागेलच असं नाही.

पहिलीच वेळ आणि एमआरआयमध्ये हाड-कूर्चेचा (कूर्चा म्हणजे हाडावरचं गुळगुळीत आवरण) तुकडा सुटलेला नसेल, तर व्यायाम. वारंवार सरकत असेल किंवा तुकडा सुटला असेल, तर सर्जन गाठा.