टॅव्होर एक्स९५ : आठ महिने आणि बाराशे काडतुसांनंतर

व्हिडिओ कॉलवर रायफल दाखवली तेव्हा साताऱ्याच्या मामांनी आधी विचारलं, "अरे, हिची नळी कुठं गेली?" मामांची सगळी फौजी नोकरी इन्सासवर झाली, म्हणजे जवळजवळ मीटरभर लांब हत्यारावर. म्हटलं, मामा, नळी साडेसोळा इंचांची पूर्ण आहे, फक्त ती खांद्याला टेकणाऱ्या दस्त्यापासूनच सुरू होते.

बुलपप म्हणतात ती हीच रचना. बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा भाग) आणि काडतुसांचं मॅगझिन मुठीच्या मागे, त्यामुळे नळी न कापता एकूण लांबी २६ इंचांच्या किंचित वर राहते. माझ्या एआर-१५ ची, म्हणजे नेहमीच्या मांडणीच्या अमेरिकी रायफलची, नळी साधारण एवढीच, पण दस्ता उघडला की ती ३५ इंचांवर जाते. २६ चा आकडा अमेरिकी कायद्यातून आलाय; त्याहून आखूड रायफलला वेगळी नोंदणी लागते. इस्रायली सैनिकांकडची ३३० मिमी नळीची एक्स९५ जेमतेम ५८० मिमी भरते. शिवाय इथे ॲरिझोनात मला मिळाली ती एका चापाला एकच गोळी सोडणारी.

वजन ३.६ किलो, म्हणजे हलकी नाहीच. पण सगळा भार खांद्याशी असल्याने उभ्याने नेम धरताना डावा हात भरून येत नाही. शाळेत एनसीसीला ०.२२ धरताना हात थरथरायचा, तो प्रकार इथे नाही.

आता तक्रार. बोटाने ओढायचा चाप पुढे आणि काडतूस उडवायला ठोका देणारा घोडा मागे, मध्ये लांब दांडी. म्हणून ओढ स्पंजासारखी लागते. जुन्या टॅव्होरपेक्षा हा चाप बराच हलका, पाच-सहा पौंडांचा, हे मान्य. तरी शंभर यार्डांवर टेबलाशी बसून मारताना माझे नेम एआरवरच जास्त जवळ जवळ पडतात. कागदावर छिद्रांचा गुच्छ पाडायची हौस असेल तर ही घेऊ नका.

मॅगझिन बदलणं ही तर वेगळीच कसरत. जागा काखेजवळ, तिकडे डोळा जात नाही. पहिला महिनाभर मी दर वेळी मान वाकवून पाहत होतो. शेजारच्या लेनवाल्याने तर काही हरवलंय का म्हणून विचारलं. मॅगझिन सोडायचं बटण मात्र एआरसारखं चाप ओढणाऱ्या बोटाजवळ आहे. बोल्ट सोडायची कळ मॅगझिनच्या लगेच मागे. मॅगझिन ढकललं की त्याच हाताचा अंगठा तिच्यावर पडतो. हे अंगवळणी पडायला दीड महिना लागला, आता एआरवर गेलो की अंगठा उगाच हवेत दाबतो.

आखूडपणाची खरी किंमत कान आणि नाक मोजतात. नळीचं तोंड चेहऱ्याच्या जवळ आलेलं, आणि बोल्टची खडखड थेट गालाखाली. छप्पर असलेल्या रेंजवर मी कानात बोळे घालून वर हेडफोन लावतो. चार-पाच मॅगझिन सलग झाली की धुराचा वासही येतो. एका डावखुऱ्या मित्राने हौसेने चार गोळ्या मारल्या, गरम पुंगळ्या तोंडासमोरून उडाल्या आणि त्याने मुकाट्याने रायफल परत दिली. पुंगळ्या डावीकडून फेकण्याची सोय होते, पण त्यासाठी डावा बोल्ट वेगळा विकत घ्यावा लागतो.

सफाई सोपी. मागची खीळ ढकलली की दस्त्याची पाठ बिजागरीवर उघडते आणि बोल्ट सरळ मागे सरकून हातात येतो. बोल्टला मागे ढकलणारा दांडा गॅसच्या दाबाने चालत असल्याने काजळी बरीचशी पुढेच राहते. बाराशेत दोनदा अडकली, दोन्ही वेळा त्याच एका जुन्या, दुसऱ्याकडून घेतलेल्या मॅगझिनवर. ते फेकलं, त्यानंतर काही नाही.

टॅव्होर आपल्या मार्कोसकडेही, म्हणजे नौदलाच्या कमांडोंकडेही आहे आणि ग्वाल्हेरजवळ मालनपूरला हिचा कारखाना आहे, हे सांगितल्यावर मामा जरा निवळले. मग म्हणाले, "बरं, संगीन कुठं लावायची?" मी विषय बदलला.