कानाच्या कॅप्सूल: पावसाळाभर खाऊन झाल्यावर

न मागवता तिसरी बाटली दारात आली आणि पैसे आधीच खात्यातून गेलेले, म्हणून लिहायला बसलो. नाहीतर एवढं लांबलचक लिहायची मला हौस नाही. आत काय काय आहे ते सगळीकडे छापलंय (जिंको म्हणजे एका झाडाच्या पानांचा अर्क, मॅग्नेशियम, झिंक, फॉलिक ॲसिड, बी-१२), त्यामुळे ते परत सांगत बसत नाही.

मी मालवणचा. बर्फाच्या कारखान्यात कंप्रेसरवर जन्म गेला. डाव्या कानात सतत शिट्टी वाजते, आणि बाजारात मासेवाली काय म्हणते ते अर्धंच कळतं. "तात्यानू, तारले म्हटलंय, करली नाय!" हे रोजचं. मुलगा ठाण्याला असतो. त्याने जाहिरात बघून मे अखेरीस बाटली पाठवली.

आधी बाटलीबद्दल. झाकण दाबून धरून फिरवायचं, लहान मुलांना उघडता येऊ नये म्हणून. आमच्या घरात लहान मूल नाही, बोटं आखडलेले दोन म्हातारे आहेत. बाटली एवढी मोठी की दोनशे कॅप्सूल मावतील, आत साठ. बाकी हवा. आणि ती हवा जुलैतली, मालवणातली. ओल शोषणारी सिलिकाची पुडी नखाएवढी. लेबलवर लिहिलंय, थंड व कोरड्या जागी ठेवा. पावसाळ्यात आमच्याकडे कोरडी जागा कुठली ते कंपनीने येऊन दाखवावं. मिठाला पाणी सुटतं, भिंतीला ओल येते, तिथे जिलेटिनचं कवच किती टिकणार? आठवड्याभरात कॅप्सूल एकमेकींना चिकटल्या. एक ओढली तर टोपी हातात, बाकीची बाटलीत, आणि बोटांना तपकिरी भुकटी. तांदळाच्या डब्यात ठेवून पाहिली, तर ही ओरडली की भाताला वास येतो. फ्रिजमधून बाहेर काढली की आतून घाम. शेवटी स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, मुलाच्या जुन्या बुटांच्या खोक्यांतल्या सिलिकाच्या पुड्या जमवून ठेवल्या, तेव्हा थोड्या तगल्या. दीड हजाराच्या वस्तूला पन्नास पैशांची पुडी घालायला जीव जातो का यांचा? पत्र्याच्या पाकिटात एकेक बंद करून दिल्या असत्या तरी चाललं असतं. साध्या तापाच्या गोळ्या तशाच येतात.

आता कानाचं. पहिल्या महिन्यात मी खूश होतो. शिट्टी कमी झाली, झोप बरी लागते, असं मुलाला फोनवर सांगितलंसुद्धा. मग चिकटाचिकटीमुळे मध्ये बरेच दिवस कॅप्सूल बंद पडल्या. शिट्टी होती तेवढीच राहिली. वाढली नाही, घटली नाही. पावसाच्या आवाजात ती दबते, एवढाच त्या खुशीचा अर्थ निघाला. पत्र्यावर धो धो पाऊस असताना कानातलं काय ऐकू येणार!

तरी खात्री करावी म्हणून कुडाळला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. मे महिन्यात ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, काढलेला होता, परत काढला. दोन्ही कागद शेजारी ठेवले. रेघ सुरुवातीला बरी चालते आणि ४००० हर्ट्झला, म्हणजे बारीक (उंच पट्टीच्या) आवाजाला, खड्ड्यात पडते. दोन्ही कागदांवर खड्डा तोच. डॉक्टर म्हणाले, "काका, हा यंत्राच्या आवाजाचा शिक्का आहे." मोठ्या आवाजाने आतल्या कानातल्या बारीक केसांच्या पेशी मरतात आणि माणसाच्या कानात त्या परत उगवत नाहीत. त, स, फ असली अक्षरं बारीक आवाजाची, तीच आधी जातात. तारले का जातात ते तिथे कळलं.

मग जाहिरातीतलं 'संशोधनाने सिद्ध' म्हणजे काय ते मुलाकडून शोधून घेतलं. खोटं नाही, पण माझ्या कामाचं नाही. फॉलिक ॲसिडचा अभ्यास २००७ सालचा, नेदरलँड्सचा: ७२८ माणसं, रोज ८०० मायक्रोग्रॅम, तीन वर्षं. जाड (खालच्या पट्टीचे) आवाज ऐकण्याची घसरण किंचित मंदावली, बारीक आवाजांना काही फरक नाही. शिवाय त्या देशात तेव्हा पिठात फॉलिक ॲसिड घालत नसत, म्हणजे तिथल्या लोकांना ते मुळात कमीच मिळत असे. माझ्या बाटलीत १०० मायक्रोग्रॅम, आणि माझा खड्डा बारीक आवाजाचा. मॅग्नेशियमचं १९९४ चं, इस्रायलच्या सैनिकांचं. त्यांना गोळीबाराच्या प्रशिक्षणात रोज १६७ मिलिग्रॅम देत होते, तेव्हा कानांचं नुकसान कमी झालं. गोळीबार चालू असताना! कंप्रेसर बंद होऊन मी घरी बसल्यावर नव्हे. कॅप्सूलमध्ये आहे ५० मिलिग्रॅम. मूठभर काजूत याहून जास्त असतं, आणि काजू परसात आहेत.

जिंकोवर २००१ साली इंग्लंडात हजारावर लोकांना बारा आठवडे देऊन पाहिलं. कानातल्या आवाजाला औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीइतकाच गुण. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये कानातल्या आवाजासाठी जिंको, झिंक वगैरे सुचवू नये असंच सांगितलंय. आणि मी रोज ॲस्पिरिन घेतो. जिंको आणि ॲस्पिरिन मिळून रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, म्हणून डॉक्टरांनी तिथल्या तिथे बंद करायला लावलं. हे बाटलीवर कुठेही नाही. 'औषधी उपयोगासाठी नाही' हे मात्र आहे, इंग्रजीत. आमच्या हिला भिंगातून दिसलं.

माशाचंही विचारलं. आठवड्यातून दोनदा किंवा जास्त मासे खाणाऱ्या अमेरिकेतल्या परिचारिकांत ऐकू कमी येण्याचा धोका सुमारे २० टक्के कमी दिसला, पण ते नुसतं निरीक्षण. बांगडे खाऊन कान वाचत असते तर आमच्या बंदरावर कुणी ओरडून बोललं नसतं. १ जूनला मासेमारीची बंदी लागली की सुके बांगडे असतातच, म्हणजे आम्ही बारमाही खातो.

तरी रक्तात बी-१२ कमी निघालं! रोज मासे, अधूनमधून तिसऱ्या (खायच्या शिंपल्या, त्यांत तर बी-१२ भरपूर), मग कमी कसं? कारण मेटफॉर्मिन, माझी साखरेच्या आजारावरची गोळी. वर्षानुवर्षं घेतली की काहींच्या आतड्यातून बी-१२ नीट शोषलं जात नाही. बी-१२ च्या कमतरतेने नसा बिघडतात, आणि ती कमतरता आणि कानातला आवाज एकत्र असल्याचं काही अभ्यासांत दिसलंय. कॅप्सूलमध्ये आहे १ मायक्रोग्रॅम. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, मग साध्या गोळ्या. खर्च बाटलीच्या पावपट. पायाच्या मुंग्या गेल्या. शिट्टी आहे तिथेच आहे, हेही लिहून ठेवतो. साखरेची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर कानाचं काही मागवण्याआधी ही एक तपासणी करून घ्या.

आता तिसऱ्या बाटलीचं. तक्रारीला फक्त फोन नंबर. ईमेल नाही, व्हॉट्सॲप नाही. ऐकू कमी येणाऱ्यांना माल विकतात आणि गाऱ्हाणं फोनवर ऐकतात. आधी यंत्र भरभर हिंदीत आकडे दाबायला सांगतं, मग एक मुलगी त्याहून भरभर. "सर, आप सुन पा रहे हैं?" म्हटलं, नाही, म्हणूनच तुमच्या कॅप्सूल घेतल्या. फोन कट. मुलाने पैसे भरताना यूपीआयचं ऑटोपे, म्हणजे दर वेळी आपोआप पैसे कापणं, चालू राहिलं होतं. त्याने ॲपमध्ये जाऊन ते रद्द केलं, कंपनीला विचारावं लागलं नाही. बाटली न फोडता परत पाठवली, पैसे अजून आलेले नाहीत.

एक स्टार, तोही बी-१२ नावापुरतं आहे म्हणून. डॉक्टर आता श्रवणयंत्र लावा म्हणतात. किंमत सांगितली ती मला एका फटक्यात ऐकू आली. पण यंत्र दमट हवेत बिघडतं असंही तेच म्हणाले. सुकवायची डबी सोबत फुकट देणार की वेगळे पैसे लावणार, एवढं विचारून मग ठरवेन.