बेथलेहेमचा जैतुनी गोठा: 12 नगांच्या संचाचं परीक्षण

पवित्र भूमीच्या यात्रेहून परतताना आपल्याकडचे भाविक पुष्कळदा जैतुनाच्या (ऑलिव्हच्या) लाकडाचा गोठा, म्हणजे येशूजन्माचा मूर्तींचा देखावा, घेऊन येतात. बेथलेहेममधला हा जुना धंदा. तिथल्या कारागिरीला फ्रान्सिस्कन या कॅथलिक संघाच्या धर्मबंधूंनी शेकडो वर्षं आधार दिला. संचात मरिया, योसेफ, बाळ येशू, तीन राजे, मेंढपाळ, बैल, गाढव आणि तीन मेंढ्या. उभ्या मूर्ती साधारण 12 सें.मी. उंच.

लाकूड उत्तम आहे. अस्सल जैतुनात पिवळसर रंगावर तपकिरी-काळपट रेषा वेड्यावाकड्या जातात आणि मूर्ती उलटी केली की तळावरही दिसतात. तळ रंगवून झाकला असेल तर घेऊ नका. ढोबळ आकार यंत्रावर काढलेला आहे, पण चेहरे आणि वस्त्रांच्या चुण्या हाताच्या आहेत, आणि तो हात सरावलेला आहे.

गोठ्याचा खरा कस मात्र बाळात लागतो. इथे बाळ हात पसरून, उघड्या अंगाने निजलंय. त्या पसरलेल्या हातांत क्रूस पाहणारे भाविक आहेत, आणि त्यांचं पाहणं खोटं नाही. पण शुभवर्तमानकार लूक सांगतो की मरियेने बाळाला कापडात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं (2:7). तोच लूक 23:53 मध्ये क्रूसावरून उतरवलेलं शरीर तागाच्या कापडात गुंडाळून खडकातल्या कबरेत ठेवल्याचं सांगतो. पूर्वेकडच्या चर्चच्या जुन्या चित्रांत बाळाची गव्हाणी दगडी शवपेटीसारखी रंगवतात, ती याच जाणिवेने. हे बाळ मरण्यासाठी जन्माला आलं, ही नाताळची श्रद्धा आहे. म्हणून गुंडाळलेल्या बाळाचा संच मिळत असेल तर तोच निवडावा.

दुसरी उणीव मोठी आहे: तिन्ही राजांच्या हातांत एकसारख्या डब्या. त्यांच्या तीन भेटींपैकी सोनं राजाला, ऊद देवाला, पण गंधरस, म्हणजे झाडाचा सुगंधी डिंक, कशाला? मार्क 15:23 मध्ये क्रूसावर देण्याआधी येशूपुढे धरलेल्या द्राक्षारसात तो मिसळलेला होता, आणि योहान 19:39 मध्ये येशूचा अनुयायी निकदेम त्याच्या दफनासाठी तोच घेऊन येतो. तिसऱ्या राजाच्या हाती वेगळी, अरुंद तोंडाची कुपी हवीच. नाहीतर गोठ्यातली सर्वात गंभीर भेट मुलांना दाखवणार कशी?

बाळ गव्हाणीला चिकटवलेलं नाही, ही जमेची बाजू. नाताळाआधीच्या आगमनकाळाचे चार रविवार गव्हाणी रिकामी ठेवता येते आणि 24 डिसेंबरच्या रात्री बाळ ठेवता येतं. राजे लांब उभे करून 6 जानेवारीपर्यंत, म्हणजे राजांच्या सणापर्यंत, जवळ सरकवावेत. 26 तारखेला पहिला हुतात्मा संत स्तेफन, 28 ला हेरोद राजाने मारलेली निष्पाप बालकं, यांचे स्मरणदिन असतात. नाताळाच्या आठवड्यातच रक्ताचे हे दिवस येतात, तेव्हा गोठा नववर्षाआधी आवरू नये. जमल्यास 2 फेब्रुवारीपर्यंत, बाळ येशूच्या मंदिरातील समर्पणाच्या सणापर्यंत, ठेवा. त्या दिवशीच्या वाचनात मंदिरात भेटलेला शिमोन मरियेला सांगतो की तुझ्या जिवातून तलवार भोसकून जाईल.

कोकणपट्टीच्या दमट हवेत या लाकडावर पांढरी बुरशी धरते. आवरताना कोरड्या कापडाने पुसून, मेडिकलमध्ये मिळणाऱ्या लिक्विड पॅराफिनचे दोन-तीन थेंब चोळा. खायचं तेल नको. ते खवट होऊन चिकटतं. मग प्रत्येक मूर्ती सुती कापडात बांधून सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा. गोठ्यात पिवळे बल्ब लावू नका, उष्णतेने लाकूड तडकतं. एलईडीची माळ चालते. योसेफाची काठी आणि बैलाची शिंगं बारीक आहेत, पडली की आधी तीच मोडतात. लाकडाच्या फेविकॉलने जोडून दोऱ्याने रात्रभर आवळून ठेवलं की बसतात.

लहान मुलं हाताळणार असतील तर चेहरे न कोरलेला, जाड घडणीचा संच जास्त टिकतो. मात्र त्यातही बाळ सुटं आहे ना, हे घेण्याआधी बघा.