विद्यार्थी चॅप्टरसाठी वाशीतली नेतृत्व आणि आउटरीच कार्यशाळा: पाठवायचं कोणाला आणि पदरात काय पडतं

पोस्टरवर ही कार्यशाळा विद्यार्थी चॅप्टरच्या, म्हणजे आयईईईसारख्या इंजिनिअरांच्या संघटनेच्या कॉलेजातल्या शाखेच्या, चेअरपर्सनसाठी असल्याचं लिहिलं आहे. खरा फायदा मात्र सेक्रेटरीला, ट्रेझररला आणि एसईच्या (दुसऱ्या वर्षाच्या) मुलामुलींना होतो. चेअरपर्सन बहुतेक ठिकाणी बीईत (शेवटच्या वर्षाला) असतात. जुलै-ऑगस्टपासून प्लेसमेंट सुरू झालं की त्यांचं लक्ष तिकडे जातं आणि शिकलेलं वापरायला हातात एकच सेमिस्टर उरतं. म्हणून चार जागा घेणार असाल तर दोन टीईचे (तिसऱ्या वर्षाचे), दोन एसईचे पाठवा. जमलं तर फॅकल्टी कोऑर्डिनेटरनाही न्या, त्यांच्याकडून फी घेत नाहीत.

शनिवार-रविवार, साडेनऊ ते पाच. विद्यार्थ्यामागे १,२०० रुपये, त्यात जेवण आणि प्रयोगाचं साहित्य आलं. बॅच तीस जणांची. नेरूळ, ऐरोली, कोपरखैरणे, खारघरच्या कॉलेजांना हॉल सोयीचा आहे. ठाण्याहून येणाऱ्यांनी रविवारी ट्रान्सहार्बरवर मेगाब्लॉक आहे का ते आदल्या दिवशी बघून ठेवावं.

पहिल्या दिवशीची सकाळ सामान्य आहे. ओळखीचे खेळ, 'तुम्ही कोणत्या प्रकारचे नेते' ही प्रश्नावली, कागदाचा मनोरा. हे कुठल्याही ओरिएंटेशनमध्ये फुकट मिळतं. त्यातला इतिवृत्ताचा तास तेवढा चांगला. प्रत्येक निर्णयापुढे एकाच माणसाचं नाव आणि एकच तारीख लिहायची, 'टीम बघेल' लिहायचं नाही, एवढाच नियम. पण एका गटाची मिटिंग खरोखर चालवून बाकीच्यांकडून इतिवृत्त लिहून घेतात. सहा जणांच्या सहा वह्यांत सहा वेगळे निर्णय उमटलेले दिसले की नियम कशासाठी, ते वेगळं सांगावं लागत नाही.

दुपारचं, जुन्या कमिटीकडून नव्या कमिटीकडे हस्तांतरणाचं सत्र ही पहिल्या दिवसाची खरी कमाई. चॅप्टर बंद पडतात ते उत्साह संपला म्हणून नव्हे, चाव्या हरवल्या म्हणून. इथे त्या चाव्यांची यादीच करून घेतात. ईमेल आणि इन्स्टाग्रामचं टू-स्टेप व्हेरिफिकेशन मागच्या वर्षीच्या सिनियरच्या मोबाइलवर असतं, तो नंबर बदलला की खातं गेलं. फॉर्म आणि ड्राइव्हवरच्या फाइल सिनियरच्या कॉलेज आयडीवर असतात, पास आउट झाल्यावर आयडी बंद होतो आणि फाइलही जातात. कॉलेजच्या गूगल खात्यातल्या फाइलची मालकी बाहेरच्या जीमेलला देता येत नाही, त्याच डोमेनमधल्या दुसऱ्या खात्यालाच देता येते. म्हणून उपाय असा: पदाच्या नावाने कॉलेजच्याच डोमेनवर एक आयडी मागून घ्या, सगळं त्यावर ठेवा आणि बॅकअप कोड छापून फॅकल्टी कोऑर्डिनेटरच्या कपाटात द्या. कार्यशाळेत प्रत्येक गट आपापल्या चॅप्टरची ही यादी तिथेच भरतो, त्यामुळे सोमवारी कॉलेजात जाऊन काय करायचं ते कागदावर तयार असतं.

पैशांबद्दलही स्पष्ट बोलतात. इव्हेंटची फी ट्रेझररच्या स्वतःच्या यूपीआयवर गोळा करण्याची पद्धत सर्रास आहे आणि ती धोक्याची आहे. आलेल्या शंभर रकमांपैकी एखादी फसवणुकीच्या तक्रारीत अडकलेली निघाली, तर त्या विद्यार्थ्याचं अख्खं खातं गोठवलं जाऊ शकतं. फी एसबीआय कलेक्टसारख्या सोयीने कॉलेजच्या खात्यावरच घ्या, भले अकाउंट्स विभागात दोन फेऱ्या जास्त पडोत.

एक गोष्ट त्यांनी घातलेली नाही, ती घालायला हवी. आयईईईचं सदस्यत्व ३१ डिसेंबरला संपतं आणि आपली कमिटी जुलै-ऑगस्टमध्ये बदलते. नूतनीकरण नेमकं परीक्षा आणि सबमिशनच्या धामधुमीत येतं आणि राहून जातं. स्टुडंट ब्रँच टिकवायला किमान १० विद्यार्थी सदस्य लागतात, तेव्हा नोव्हेंबरचा पहिला आठवडा या कामासाठी राखून ठेवा.

दुसरा दिवस आउटरीचचा, म्हणजे शाळांत जाऊन मुलांकडून प्रयोग करून घेण्याचा. फी वसूल होते ती इथे.

शाळेतल्या प्रयोगाचं प्रात्यक्षिक आधी बिघडवून मग दुरुस्त करून दाखवतात. कागदी सर्किटचा प्रयोग घेतला आहे: कॉपर टेप, ५ मिलिमीटरचे एलईडी, ३ व्होल्टचा सीआर२०३२ बटण सेल. एका सेलवर लाल आणि निळा एलईडी समांतर जोडायला सांगतात. लाल लागतो, निळा विझलेलाच राहतो. मुलं म्हणतात एलईडी खराब आहे, स्वयंसेवक तो बदलत बसतात, तास संपतो. कारण सोपं आहे. लाल एलईडी साधारण २ व्होल्टला पेटतो, निळ्याला जवळपास ३ लागतात. लाल पेटला की या छोट्या सेलचं व्होल्टेज खाली बसतं आणि निळ्यापर्यंत पुरेसं पोचत नाही. किटमध्ये एकाच रंगाचे एलईडी ठेवले की अडचणच संपते. दुसरी खोड टेपची. स्वस्त टेपचा गोंद वीज वाहून नेत नाही, त्यामुळे कोपऱ्यावर तुकडा कापून वरून दुसरा चिकटवला की सर्किट तुटतं आणि डोळ्यांना मात्र जोडलेलं दिसतं. टेप न कापता कोपऱ्यावर दुमडायची. एलईडीचा लांब पाय सेलच्या अधिक बाजूला, हे फळ्यावर चित्र काढून ठेवायचं, तोंडी सांगून भागत नाही.

आमचा आक्षेप बटण सेललाच आहे. पाचवीची मुलं ते किट घरी नेतात आणि घरात धाकटं भावंड असतं. गिळलेला बटण सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. त्यापेक्षा होल्डरमध्ये दोन पेन्सिल सेल, लाल एलईडी आणि त्याच्याबरोबर १०० ओहमचा रेझिस्टर द्या. साधारण १० मिलिअँपिअर धारा वाहते, उजेड भरपूर पडतो. रेझिस्टर मात्र वगळू नका. बटण सेल स्वतःच जास्त धारा देऊ शकत नाही म्हणून तिथे चालून जातं, पेन्सिल सेलच्या बाबतीत ती सूट नाही. होल्डरमुळे खर्च थोडा वाढतो, पण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून एकदम घेतले तर झेपतो. आयोजकांनी हा बदल पुढच्या बॅचपासून करावा, असं आमचं आग्रहाचं म्हणणं आहे.

वेळेचं गणितही नीट शिकवतात. शाळेचा तास ३५-४० मिनिटांचा. चाळीस मुलांच्या वर्गाला दहा स्वयंसेवक, चार मुलांमागे एक. पाच मिनिटं ओळख, वीस मिनिटं जोडणी, उरलेला वेळ न पेटलेल्या सर्किटांसाठी. स्लाइड अजिबात नाहीत. हे योग्यच आहे, कारण प्रोजेक्टर लावण्यातच तास जातो.

परवानगीच्या पत्राचा मराठी नमुना देतात, तो जपून ठेवण्यासारखा आहे. इयत्ता, मुलांची संख्या, साहित्य, सोबत येणाऱ्या प्राध्यापकांचं नाव, फी नाही याचा उल्लेख, सगळं एका पानात. पत्रावर कॉलेजचा जावक क्रमांक आणि शिक्का हवा, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघायचं नाही. महापालिकेच्या शाळेसाठी पालिकेच्या शिक्षण विभागाकडे जायचं. पनवेल-उरणकडच्या जिल्हा परिषद शाळेसाठी मुख्याध्यापकांबरोबर पंचायत समितीतल्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र द्यायचं. फोटोंबाबतही ठाम आहेत: पालकांची संमती नसेल तर मुलांचे चेहरे इन्स्टाग्रामवर टाकायचे नाहीत, हातांचे आणि सर्किटचे टाका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे.

तारखेचा सल्ला मात्र आम्हाला पटला नाही. २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन गाठा म्हणतात. त्या सुमारास शाळा दहावी-बारावीच्या बोर्डात गुंतलेल्या असतात, शिक्षक सुपरव्हिजनवर असतात आणि तुमच्या कॉलेजातही फेस्ट चालू असतो. ऑगस्ट-सप्टेंबर किंवा जानेवारी घ्या, शाळा जास्त सहज हो म्हणतात.

सर्वांत कमकुवत सत्र स्पॉन्सरशिपचं. 'टीटीसीमधल्या (नवी मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यातल्या) कंपन्यांकडे सीएसआरचे (समाजकार्यासाठी राखलेले) पैसे असतात, मागा' असं सांगून मुलांना महापे-रबाळेला पाठवणं म्हणजे त्यांना हेलपाटे घालायला लावणं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे सीएसआर बंधनकारक होतो तो ५०० कोटींचं नेटवर्थ, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक तरी असलेल्या कंपनीला. एमआयडीसीतले कितीतरी छोटे कारखाने यात बसत नाहीत. जे बसतात त्यांना पैसे द्यायला नोंदणीकृत संस्था लागते आणि एप्रिल २०२१ पासून तिच्याकडे सीएसआर-१ फॉर्म भरून केलेली सरकारी नोंदणी असावी लागते. चॅप्टर ही स्वतंत्र कायदेशीर संस्था नाही. कॉलेज चालवणाऱ्या ट्रस्टकडे ती नोंदणी आहे का, हे प्राचार्यांच्या कार्यालयात आधी विचारा. शिवाय बॅनरवर लोगो देऊन जाहिरातीसाठी घेतलेली स्पॉन्सरशिप सीएसआरमध्ये मोजलीच जात नाही. छोट्या कारखानदाराकडे रोख मागण्यापेक्षा वस्तू किंवा वेळ मागा: अॅक्रिलिकचं कटिंग, उरलेली वायर, शॉप फ्लोअरची भेट, एखाद्या इंजिनिअरचे दोन तास. तिथे मालकाशी थेट बोलता येतं आणि उत्तर त्याच दिवशी मिळतं.

प्रमाणपत्र मिळतं, पण अटेंडन्स त्यावर अवलंबून ठेवू नका. शनिवारी लेक्चर असतील तर डिफॉल्टर लिस्टचा (कमी हजेरीच्या यादीचा) प्रश्न येतो, त्यामुळे विभागप्रमुखांची सही आधीच घेऊन ठेवा. बुकिंग करताना आयोजकांना दोन गोष्टी विचारा: दुसऱ्या दिवशीचं साहित्य प्रत्येकाला मिळणार की गटाला एक, आणि एकट्या रविवारची जागा देतात का. देत असतील तर एसईच्या मुलांना फक्त रविवारी पाठवलं तरी चालेल. सेक्रेटरी आणि ट्रेझरर मात्र दोन्ही दिवस हवेत.