सात महिने दातांच्या फटीत: इंटरडेंटल ब्रशचा अनुभव

मी निपाणीचा. तंबाखूचं गाव, त्यामुळं आमच्या घरात मिश्रीची डबी पिढ्यान् पिढ्या. मी मिश्री लावत नाही, पण घासायची तऱ्हा आईचीच उचलली: जोर लावून, आडवं, खसाखसा. ब्रशही कडक. तरी थुंकलं की बेसिन गुलाबी, पेरू चावला की फोडीवर लाल डाग. रक्त येतंय म्हणून त्या बाजूला ब्रश लावायचंच सोडलं. तिथंच चुकलं.

शेवटी बेळगावात दात दाखवले. तिथली असिस्टंट सारखी ‘वसडु, वसडु’ म्हणत होती. मला वाटलं काहीतरी रोगच. कन्नडमध्ये हिरडीच ती! एवढी वर्षं कर्नाटकात काढून हा शब्द कानावरनं गेला नव्हता. खालच्या पुढच्या दातांमागं थर दगडासारखा झालेला. लाळेच्या नळ्या तिथंच उघडतात, लाळेतल्या क्षारांनी दातांवरचा चिकट थर कडक होतो, आणि मग तो कुठल्याच ब्रशनं निघत नाही. स्केलिंग केलं, म्हणजे तो थर खरवडून काढला, आणि हातात हा ब्रश आला.

दिसायला बाटली धुवायच्या ब्रशचं पिल्लू. निपाणीत मेडिकलवाल्याला चित्र दाखवलं तर म्हणाला, “कशाला लागतंय वो हे, शिलाई मशीनला?” दुसऱ्या दुकानात मिळाला, पण एकाच मापाचा. पुढच्या दातांत दाबून घातला तर तार वाकली आणि हिरडी सोलली. आता पुढं ०.४ आणि दाढांना ०.७ मिलिमीटरचा. जोर न लावता सरकला तरच माप बरोबर. रात्री आधी हा, पेस्टशिवाय. मग मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून दोन मिनिटं.

पहिले आठ-दहा दिवस रक्त जास्तच आलं. डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं, थांबू नका. तिसऱ्या आठवड्यात बेसिन पांढरं! सोबत दिलेल्या क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक औषधाच्या गुळण्यांनी मात्र दोन आठवडे जीभ तपकिरी आणि तोंडाला चव नाही. त्यातच पाहुण्यांनी बेळगावचा कुंदा आणला, तो मातीसारखा लागला.

कुरकुर दोन गोष्टींची. सूज उतरल्यावर फटी मोठ्या दिसायला लागल्या. आणि कडक ब्रशनं खाली सरकलेली हिरडी परत वर आलेली नाही, गार पाणी अजून झोंबतं. खर्च महिन्याला दीडशेच्या आसपास. तार वाकली की फेकायचा.

आई म्हणते, “तू एवढं घासतोस तरी रक्त तुझंच आलं, माझं येतंय काय?” तिचं येत नाही ते मिश्रीतल्या निकोटिनमुळं. रक्तवाहिन्या आकसतात, रक्त दिसत नाही, आत हिरडी सडतच राहते. हे तिला चारदा सांगितलं. तिची एक दाढ जिभेनं हलते, आणि दाखवायला जायची तारीख तिनं दोनदा पुढं ढकलली आहे.