फुग्याचा गोबरगॅस : बॅग झकास, सर्व्हिस यथातथाच

2 घनमीटरची गोबरगॅसची ती काळी फुग्यासारखी बॅग बसवून आता तिन्ही ऋतू बघून झाले म्हणून लिहितोय. कंपनीचं नाव लिहीत नाही, वाद नको.

बॅग चांगलीच आहे. दीनबंधू टाइप, म्हणजे विटांच्या पक्क्या घुमटाचा, घ्यायचा तर घुमट बांधणारा जाणता गवंडी लागतो, आणि ते हल्ली मिळतात कुठं, तरंगत्या टाकीवाल्यात लोखंडी टाकी गंजते. इथं खड्डा काढला, खडे वेचले, बॅग टाकली, पाइप जोडला की झालं. फक्त वर सावली आणि कडेनं कुंपण पाहिजेच, कुत्र्याचं एक नख पुरतं.

पण विकताना 'दोन गाईंवर घर चालतं' म्हणतात ते जरा जपून घ्या. किलोभर ताज्या शेणाला साधारण 40 लिटर गॅस धरतात, म्हणजे 2 घनमीटरला रोज 50 किलो शेण आणि तेवढंच पाणी. गाई दिवसभर रानात चरत असतील तर एवढं शेण हातात येणार कुठून?

सर्व्हिसचं काय सांगायचं... माणूस आला, शेण कालवून दाखवलं, गेला. मधेच गॅस एकदम बसला, फोन केला तर उत्तर एकच, 'शेण वाढवा'. शेवटी आमच्या गुरांच्या डॉक्टरांनी उलगडा केला. दगडी (कासेची सूज) झालेल्या गाईला अँटिबायोटिक चालू होतं, ते शेणातून आत गेलं की गॅस करणारे जिवाणूच मरतात, आणि गोठा फिनेलनं धुतलेलं पाणीही इनलेटकडंच, म्हणजे शेण आत घालायच्या तोंडाकडंच जात होतं. त्या गाईचं शेण आणि ते पाणी, दोन्ही आत जाणं बंद केलं, हळूहळू गॅस परत आला. डेअरीवाल्यांना विकताय तर हे माहितीपत्रकात पहिल्या ओळीत पाहिजे ना राव!

नासलेलं दूध, पनीरचं पाणी, शिळा भात यानं गॅस जोरात वाढतो हे खरंय. पुण्याच्या आरती संस्थेला खरकट्यावर चालणाऱ्या छोट्या संचासाठी 2006 साली अ‍ॅश्डेन हा पर्यावरणपूरक ऊर्जेसाठीचा पुरस्कारही मिळालाय. पण शेणाच्या बॅगेत हे थोडं थोडंच घाला, एकदम बादली ओतली की आंबट होऊन सगळं ठप्प. उसाचं वाढं, कडबा मात्र अजिबात नको, कुजत नाही, वर साय धरून बसतं. थंडीत गॅस कमी होणारच, जिवाणूंना 35 डिग्रीच्या आसपास ऊब लागते, 20 च्या खाली गेलं की ते जवळजवळ झोपतात, म्हणून आम्ही हिवाळ्यात उन्हात तापलेल्या पाण्यानं दुपारी शेण कालवतो, फरक पडतो.

पाच पैकी साडेतीन. घेताना पाइपच्या सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायची तोटी मागून घ्या, नाहीतर ज्योत फडफडते. वासासाठी लोखंडाच्या किसाचा फिल्टर असतो तोही मागा. आणि शेगडी गोबरगॅसचीच पाहिजे, सिलेंडरवाल्या शेगडीच्या जेटचं भोक बारीक असतं, एवढ्या कमी प्रेशरला ती नीट पेटत नाही.