बायफोकल की प्रोग्रेसिव्ह?

दूरचा नंबर आधीपासून आहे, आता जवळचाही लागला. मग चष्म्याची काच कोणती घ्यावी, बायफोकल की प्रोग्रेसिव्ह? वयानुसार डोळ्यातलं नैसर्गिक भिंग ताठर होतं, जवळ पाहताना हवं तेवढं फुगत नाही. दोन्ही काचा त्याचीच भरपाई करतात.

खरा फरक मधल्या अंतराचा. बायफोकलमध्ये वर दूरचं आणि खाली वाचनाचं अशी दोनच अंतरं. हातभर लांबचा स्क्रीन नेमका मधे अडकतो. हनुवटी उचलून पुढे झुकावं लागतं आणि संध्याकाळपर्यंत मान धरते. प्रोग्रेसिव्हमध्ये पॉवर वरून खाली हळूहळू वाढते, म्हणून स्क्रीनही स्पष्ट दिसतो. पण खालच्या कडांना धूसर, वेडंवाकडं दिसतं. महागड्या काचेत हे कमी होतं, पूर्ण जात नाही, जाहिरात काहीही म्हणो. बाजूचं पाहायला मानच वळवायची.

सवय बायफोकलची लवकर होते, फक्त दोन भागांमधल्या रेषेवर चित्र उडी मारतं. प्रोग्रेसिव्हला एक-दोन आठवडे द्यावेत, आणि बुबुळ काचेत नेमकं कुठे येतं, ते माप फ्रेम घालूनच घ्यायला लावा. जिना उतरताना दोन्हींत हनुवटी खाली हवी.

खर्चात बायफोकल स्वस्त.

तासन्‌तास वाचन, शिवण असेल तर रुंद वाचनभागाचा बायफोकल घ्या. स्क्रीन, कागद, समोरची माणसं असं सतत बदलत असेल, तर प्रोग्रेसिव्हच.